आधी कोणी दाबलं? न्यू जर्सीतल्या एका शाळेचा क्विझ बोल संघ आणि त्याचा बझर

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. दहावीतली माझी लेक शाळेतून आली ती पाठीवरची बॅग न उतरवताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, आमच्या शाळेत क्विझ बोलची टीमच नाहीये. मी सुरू करतेय. तू प्रश्न वाचायला येशील ना?"

मी हो म्हणाले, आणि त्यानंतरचं सगळं शालेय वर्ष आठवड्यातून दोन दुपारी शाळेच्या एका वर्गात जाऊन बसले. प्रश्न वाचले, मुलांना गाडीतून स्पर्धांना नेलं आणि बझर दुरुस्त केले. क्विझ बोल म्हणजे दोन संघांनी बझर दाबून खेळायची प्रश्नमंजूषा. इथे लिहिते आहे ते त्या एका वर्षाबद्दल. त्यातही बझरबद्दल जास्त, कारण आमचे पैसे, आमची भांडणं आणि आमचं शिकणं बहुतेक त्याच्याभोवतीच झालं. इकडच्या मराठी घरांतली मुलं या खेळात मला बरीच दिसतात. शाळेत संघ नसला की त्यांचे आईवडील मला पहिला प्रश्न विचारतात, "बझर कुठला घ्यायचा?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा प्रपंच.

आपल्या क्विझपेक्षा वेगळा खेळ

मी सांगलीत शिकले. आमच्या वेळच्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेत प्रश्न क्रमाने यायचे. अ संघाला पहिला, ब संघाला दुसरा. येत नसेल तर "पास" म्हणायचं, की प्रश्न पुढच्या संघाकडे. नव्वदच्या दशकात टीव्हीवर डेरेक ओब्रायन यांचा बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट लागायचा, तो बघून आम्ही घरी तसं खेळायचो. बझर राउंड असायचा तो शेवटी, आणि तोही एखादाच.

क्विझ बोलमध्ये पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बझरच असतो. या खेळाचं मूळ डॉन रीड यांच्या 'कॉलेज क्विझ बोल' या कार्यक्रमात आहे. १९५३ मध्ये तो अमेरिकन रेडिओवर सुरू झाला, १९५९ मध्ये टीव्हीवर गेला आणि १९७० पर्यंत चालला. ब्रिटनमधला 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' १९६२ मध्ये त्यावरूनच निघाला. आज हायस्कूलच्या पातळीवर सर्वात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे एनएक्यूटी, नॅशनल ॲकॅडमिक क्विझ टुर्नामेंट्स. ही संस्था १९९६ सालची. ती प्रश्नसंच पुरवते आणि राष्ट्रीय स्पर्धाही घेते.

दोन संघ, प्रत्येकी चार खेळाडू. मॉडरेटर एक प्रश्न सगळ्यांसाठी वाचायला लागतो, त्याला टॉसअप म्हणतात. कोणीही, कधीही, वाक्य मध्येच तोडून बझर दाबू शकतो. टॉसअपला संघातल्या कोणाशी बोलायचं नाही, एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर १० गुण. प्रश्नातल्या एका ठरावीक खुणेच्या आधी दाबून बरोबर दिलं तर १५, त्याला पॉवर म्हणतात. वाचन तोडून चुकलात तर उणे ५, आणि उरलेला प्रश्न समोरच्या संघाला निवांत ऐकायला मिळतो. टॉसअप जिंकणाऱ्या संघाला मग तीन भागांचा बोनस मिळतो, प्रत्येक भागाला १० गुण, आणि तिथे मात्र आपसात चर्चा चालते.

आता टॉसअपची बांधणी कशी असते ते कळल्याशिवाय बझरचं महत्त्व कळत नाही. मी मुलांसाठी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न इंग्रजीत लिहून नेला होता. तो मराठीत असा:

"इथल्या खडकात सापडलेल्या मॅस्केलिनाइट या काचेसारख्या पदार्थामुळे ही जागा ज्वालामुखीने तयार झाली हा तर्क मागे पडला. बेसॉल्टमध्ये असल्यामुळे चंद्रावरच्या खड्ड्यांशी तुलना करायला शास्त्रज्ञांना ती उपयोगी पडते. [पॉवरची खूण] जून २०२० मध्ये इथलं पाणी गुलाबी झालं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. १० गुणांसाठी, बुलढाणा जिल्ह्यातलं, उल्का आदळून झालेलं हे सरोवर कोणतं?"

शेवटची ओळ ऐकून आपल्याकडचा पाचवीतला मुलगाही लोणार म्हणेल. पहिल्या ओळीवर म्हणणारा विरळा. प्रश्न कठीणातून सोप्याकडे उतरत येतो, पायऱ्यापायऱ्यांनी, आणि ज्याला जास्त खोलवर माहीत आहे तो आधी दाबतो. कल्पना मला फार आवडली. पाठांतर करणारा आणि खरोखर वाचलेला, यांच्यातला फरक प्रश्नच दाखवून देतो.

पण याच बांधणीमुळे एक गोष्ट घडते. दोन चांगल्या मुलांनी एकच पुस्तक, एकच लेख वाचलेला असतो. प्रश्नात तो ओळखीचा शब्द आला रे आला की दोघांचे अंगठे एकाच क्षणी खाली जातात. या खेळात त्याला बझर रेस म्हणतात, आणि मुलं जितकी तयार होत जातात तितक्या या रेस वाढत जातात. म्हणजे "आधी कोणी दाबलं" हा प्रश्न एका दुपारीत निदान पाचसहा वेळा उभा राहणारच.

टेबलावर हात आपटण्याचे तीन आठवडे

संघ सुरू करायला लागतं ते फार नाही. शाळेच्या नियमाप्रमाणे क्लबला एक शिक्षक हवा. इतिहासाच्या एका शिक्षिकेने आपला वर्ग आणि आपल्या दोन दुपारी दिल्या. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली, तिसऱ्या आठवड्यापर्यंत सहा टिकली. प्रश्नांची अडचण मुळीच आली नाही, कारण जुन्या स्पर्धांचे हजारो प्रश्न 'क्विझबोल पॅकेट्स' या संग्रहात फुकट मिळतात, आणि एकट्याने सराव करायला 'क्यूबी रीडर' आहे. पहिल्या महिन्यात एक पैसाही खर्च न करता चालतं. जो कोणी संघ काढायला निघाला आहे त्याने तसंच करावं, कारण किती मुलं टिकतात हे कळण्याआधी सामान घेण्यात अर्थ नाही.

बझर नव्हता म्हणून मुलं टेबलावर हात आपटायची आणि कोणी आधी आपटला ते मी ठरवायची. मी प्रश्नाच्या कागदाकडे बघत वाचतेय, कानावर थाप आली की मान वर करतेय, तोवर तीन हात टेबलावर. मग मुलांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की माझा अंदाज नेहमी एकाच मुलाच्या बाजूने जातोय. तो जोरात आपटायचा, आणि आपटतानाच "मी!" म्हणायचा. त्याच्या शेजारी एक मुलगी बसायची, नववीतली, कोरियन घरातली. ती बोटं हलकेच टेकवायची. तिला साहित्यातलं आणि चित्रकलेतलं जे माहीत होतं ते आमच्यातल्या कोणालाच नव्हतं, पण तीन आठवड्यांत तिच्या नावावर जेमतेम चार टॉसअप लागले होते. एकदा मी त्या मुलाला बोलावलं आणि त्याने उत्तर दिलं तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "माझा हात होता आधी." मी पाहिलं नव्हतं. काय बोलणार?

सांगलीतल्या एका बझर राउंडमध्ये माझंही हेच झालं होतं. बझर म्हणजे टेबलावरची घंटा, आणि निकाल क्विझमास्तरांच्या नजरेवर. मी घंटा वाजवली, पण ते दुसऱ्या टेबलाकडे बघत होते. मला आज तो प्रश्न आठवत नाही, पण घंटेवरचा हात तसाच ठेवून आपल्याकडे कोणी बघायची वाट बघणं आठवतं. ती मुलगी तसं म्हणाली त्याच संध्याकाळी मी घरी येऊन लेकीला म्हटलं, आता बझर घ्यायचा.

घाईत घेतलेला

घाईत मी जो मागवला तो चुकीचा होता. वर्गात खेळ घेण्यासाठी मिळतो तसा, बिनतारी, रंगीत, पन्नासएक डॉलरचा. त्याला बटणं सहा. क्विझ बोलला आठ लागतात हे मला माहीत होतं, पण आमची मुलंच सहा आहेत, चालेल, असा विचार केला. दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे, तिघांविरुद्ध तिघे खेळून चौघांच्या खेळाची सवय लागत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. त्याचा दिवा लागून पाचएक सेकंदांत आपोआप विझायचा. मी वाक्य पुरं करून मान वर करेपर्यंत कधीकधी दिवा गेलेला असायचा, आणि पुन्हा "कोणी दाबलं?" सुरू.

त्यातून पहिला धडा मिळाला, आणि बझर बघायला गेलात तर सर्वात आधी हेच विचारा. पहिल्याने दाबलं की बाकी सगळी बटणं बंद पडली पाहिजेत, याला लॉकआउट म्हणतात, ते बहुतेक यंत्रांत असतंच. पण ज्याने दाबलं त्याचा दिवा मॉडरेटर स्वतः रिसेट करेपर्यंत लागून राहिला पाहिजे. आपोआप रिसेट होणारं यंत्र टीव्हीवरच्या खेळाला ठीक असेल, कागदावरून वाचणाऱ्या माणसाच्या कामाचं नाही.

मुलांनी बनवलेला, आणि त्यातली दीडशे मिलिसेकंद

आमच्या सहांपैकी एक मुलगा रोबोटिक्समध्येही होता. तो म्हणाला, विकत कशाला घ्यायचा, आपण बनवू. आर्डुइनो नावाचा प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड, आर्केड गेमवर असतात तशी मोठी आठ बटणं, आठ एलईडी, एक छोटा भोंगा आणि बुटांचा खोका. सगळं मिळून चाळीस डॉलरच्या आत. मी पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, त्यानंतर सोल्डरिंग गन क्वचितच हातात धरली होती. दोन शनिवार आमच्या जेवणाच्या टेबलावर वायरी, कटर आणि रोझिनचा वास. ऑक्टोबरच्या शेवटी यंत्र चालू झालं. दिवा लागून राहायचा, दोन्ही संघांना वेगवेगळा आवाज होता. मुलं खूष होती.

मग नोव्हेंबरमध्ये कुरबुर सुरू झाली. उजवीकडे बसणारी मुलं म्हणू लागली की रेस झाली की आम्ही हरतोच. आधी मी ते मनावर घेतलं नाही. हरणारा असं म्हणतोच. पण बाजू बदलून बसवलं तरी तक्रार उजवीकडूनच यायला लागली, म्हणजे मुलं बदलली आणि तक्रार खुर्चीला चिकटून राहिली. ही गोष्ट ती कोरियन मुलगीच बोलली. "माणसं बदलतात, बाजू तीच राहते. मग यंत्रच बघायला हवं."

त्यांनी ते तपासलं कसं, ते मला मनापासून कौतुकाचं वाटलं. एक लाकडी फूटपट्टी घेतली. डावीकडचं १ नंबरचं आणि उजवीकडचं ५ नंबरचं बटण शेजारी ठेवलं आणि पट्टी आडवी टेकवून दोन्ही एकदम दाबली. वीस वेळा. एकोणीस वेळा १ नंबरचा दिवा. मग बटणांची जागा बदलून, पट्टी उलटी धरून पुन्हा. तेच.

कारण रोबोटिक्सवाल्या मुलाने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होतं. यंत्र बटणं १ पासून ८ पर्यंत क्रमाने तपासायचं, मग दीडशे मिलिसेकंद थांबायचं, मग पुन्हा १ पासून. ते थांबणं त्याने मुद्दाम घातलं होतं, कारण कुठलंही बटण दाबलं की आतला पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबण्याचे दहा दाबणे वाटू शकतात. नेटवरच्या प्रत्येक उदाहरणात त्यासाठी थोडं थांबायला सांगितलेलं असतं. पण थांबलेल्या त्या दीडशे मिलिसेकंदांत ५ नंबरने दाबलं, नंतर १ नंबरने दाबलं, तर यंत्र जागं होऊन आधी बघणार १ कडे. त्याच्या लेखी १ पहिला. बझर रेसमधला फरक असतो वीस, तीस, फार तर पन्नास मिलिसेकंदांचा. म्हणजे प्रत्येक रेस डावीकडच्या संघाला जवळजवळ फुकट.

गंमत अशी, की लॉकआउटच्या यंत्राला त्या थांबण्याची गरजच नसते. पहिला स्पर्श झाला की निकाल लागला, पुढे पत्रा कितीही थरथरला तरी यंत्र कुठे ऐकतंय? त्याने ती एक ओळ काढून टाकली. आता यंत्र सेकंदाला हजारो वेळा फेरी मारू लागलं, शिवाय दर फेरीला सुरुवात वेगळ्या बटणापासून होईल असंही केलं. पट्टी पुन्हा वीस वेळा दाबली, तर निकाल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे लागले. ज्याने प्रोग्रॅम लिहिला होता त्याने फळ्यावर "सॉरी, उजवी बाजू" असं लिहिलं आणि दोन दिवस कोणी ते पुसलं नाही.

त्या दुपारनंतर माझ्यासाठी बझर निवडण्याचा प्रश्न वेगळा झाला. तोवर मी किंमत, बटणांची संख्या, दिव्यांचा रंग बघत होते. खरं बघायचं ते हे की रेस हरलेल्या मुलाला यंत्राचा निकाल पटेल का. जिंकणाऱ्याला काय, कुठलाही बझर पटतो. हरलेलं मूल दिव्याकडे बघून पुढच्या प्रश्नाला तयार होतं, की मनात कुढत बसतं, त्यावर संघ टिकतो. आमची तीन मुलं पहिल्या महिन्यात संघ सोडून गेली. त्यातली निदान दोन माझ्या नजरेच्या अंदाजाला कंटाळून गेली, असं मला आजही वाटतं.

मग विकत का घेतला

घरचा बझर सरावाला आता खात्रीचा होता. पण स्पर्धेला तो नेता येईना. स्पर्धा भरवणाऱ्या शाळेला दहाबारा खोल्यांत खेळ चालवायचे असतात आणि तितके बझर कोणाकडेच नसतात. म्हणून चालू स्थितीतला बझर आणणाऱ्या संघाला फीमध्ये थोडी सूट देण्याची पद्धत आहे. तिथे आपला बझर अनोळखी मॉडरेटरच्या, अनोळखी मुलांच्या हातात जातो. बुटांच्या खोक्यातलं यंत्र दिवसभर त्यांच्या हाती देणं मला बरोबर वाटलं नाही.

पैशांची जुळवाजुळव अशी झाली. मुलांनी शाळेच्या फुटबॉल सामन्यांना हॉट चॉकलेट विकून १६० डॉलर केले. पालकांनी ६० दिले. मोठा वाटा अनपेक्षित ठिकाणाहून आला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची नॅशनल सायन्स बोल ही स्पर्धा १९९१ पासून चालते, तिथेही चार-चार खेळाडू आणि बझर. शाळेच्या विज्ञान विभागाला त्यात उतरायचं होतं. एकच बझर दोघांनी वापरायचा म्हटल्यावर त्यांनी २०० डॉलर घातले. संघ काढणाऱ्याने आपल्याच शाळेत असा भागीदार आधी शोधावा.

एकूण ४२०. आम्ही शोधलं तेव्हा या धंद्यात झीक्राफ्ट, द जज, अँडरसन अशी नावं होती. आठ जणांचा संच तेव्हा साधारण अडीचशेपासून सहाशे-सातशे डॉलरपर्यंत जायचा, आणि बिनतारी संच वरच्या टोकाला. आमच्या घरात यावरून दोन पक्ष पडले. नवरा बिनतारीच्या बाजूने. पायात वायर अडकत नाही, दोन मिनिटांत मांडून होतो. मी तारेच्या बाजूने. बिनतारीत प्रत्येक बटणाला स्वतःची बॅटरी, ती नेमकी शनिवारी सकाळी उतरणार. सुटं बटण कोणाच्या तरी बॅगेत राहणार. आणि बिघाड झाला तर तो मला मल्टिमीटरने, म्हणजे वायरीची जोडणी तपासायच्या यंत्राने, सापडणार नाही. वायर तुटली तर सापडते. शेवटी पैशांनीच निकाल लावला, पण पैसे असते तरी मी तारेचाच घेतला असता.

तारेच्या संचातही दोन जाती आहेत, आणि हे जाहिरातीत कोणी ठळक सांगत नाही. एका प्रकारात एका बाजूच्या चारही बटणांना मिळून एकच लांब वायर, माळेसारखी. मांडायला सुटसुटीत, पण पहिल्या बटणाजवळ वायर तुटली की पुढची तिन्ही गेली. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बटणाची वेगळी वायर थेट मधल्या डब्यात. गुंता होतो, गुंडाळायला कंटाळा येतो, पण एक गेलं तर एकच जातं. आम्ही दुसरा घेतला, ३१० डॉलरला. वायरीच्या टोकाला टेलिफोनच्या वायरीला असतो तसा जॅक होता, तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, हेही बघितलं होतं. बटण हातात धरून अंगठ्याने दाबायचं. मुलांना ते टेबलावरच्या बटणापेक्षा आवडलं, कारण अंगठा आधीच टेकवून ठेवता येतो.

टायमर, गुणफलक असलेले महाग संच सोडून दिले. क्विझ बोलमध्ये उत्तराची वेळ बहुतेक मॉडरेटर स्वतःच मोजतो आणि गुण कागदावर किंवा लॅपटॉपवर लिहितात. खर्चायचे असतील तर त्या पैशांच्या दोन जास्तीच्या वायरी घ्या. एक इशारा मात्र द्यायला हवा. सगळ्या राज्यांत चारच खेळाडू नसतात. इलिनॉयच्या शालेय संघटनेच्या स्कॉलस्टिक बोलमध्ये पाच-पाच खेळतात, तिथे आठ बटणांचा संच अपुरा पडतो. आपल्या भागातल्या स्पर्धा कुठल्या नियमांनी होतात ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

जानेवारीतला शनिवार

उरलेल्या पैशांत पहिल्या स्पर्धेची फी भरली, बझर आणल्याबद्दल १० डॉलर सूट मिळाली. सकाळी सातला निघालो, तासाभरावरची शाळा. माझ्याकडे एका खोलीत मॉडरेटरचं काम होतं, तिथे आमचाच बझर. संघ मात्र दर फेरीला वेगळ्या खोलीत खेळत फिरत होता.

तिसऱ्या फेरीत त्यांच्यावर प्रसंग आला तो मला नंतर कळला. त्या खोलीतल्या संचाच्या बटणांचे क्रम आणि मुलांच्या बसण्याचा क्रम उलटा लागला होता. दिवा लागला ४ चा, मॉडरेटरने डावीकडून चौथ्या मुलाचं नाव घेतलं, आणि त्याने गोंधळून जे तोंडाला आलं ते सांगितलं. दाबलं होतं माझ्या लेकीने. उणे ५. फेरी सुरू होण्याआधी प्रत्येकाने १ ते ८ क्रमाने बटण दाबून दाखवायचं असतं, त्याला बझर चेक म्हणतात. उशीर झाला म्हणून त्यांनी तो टाळला होता. मुलांनी शांतपणे हरकत घेतली, मॉडरेटरने पाहिलं आणि तो टॉसअप बाद करून नवीन प्रश्न वाचला. तेव्हापासून समोरचा संघ कितीही घाई करो, आमची मुलं आठही दिवे लागलेले बघितल्याशिवाय सुरू करत नाहीत.

माझ्या खोलीत पाचव्या फेरीला ३ नंबरचं बटण कधी लागायचं, कधी नाही. वायर हातात धरून हळूहळू वाकवत गेले, बटणाच्या बुडाशी आल्यावर दिवा मिणमिणला. वायर नेहमी तिथेच तुटते. वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं आणि आतली तांब्याची तार अंगठ्याच्या रोजच्या ओढीने गेलेली असते. बॅगेतली जादा वायर लावली, खेळ दीड मिनिटात पुन्हा सुरू. रविवारी घरी पोळ्या झाल्यावर तेच टेबल पुसून बटण उघडलं. बुडाकडची तीन इंच वायर कापून टाकली, नवीन टोक सोलून सोल्डर केलं, वर आकसणारी नळी चढवली. आणि आत एक सैल गाठ मारली, म्हणजे ओढ गाठीवर येईल, सोल्डरच्या टाक्यावर येणार नाही. मल्टिमीटर लावला, बीप वाजला. लेक शेजारी बसून बघत होती. पुढचं बटण फेब्रुवारीत गेलं, ते तिने केलं.

त्या दिवशी आम्ही आठ फेऱ्यांपैकी तीन जिंकल्या. सातवी फेरी माझ्याच खोलीत होती, पण स्वतःच्या संघाचा सामना चालवणं बरं दिसत नाही म्हणून वाचायला दुसऱ्या शाळेचे शिक्षक आले आणि मी मागे बसले. एका चित्राचा टॉसअप चालू होता. दुसऱ्या वाक्यात कुठलासा एक शब्द आला आणि दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज झाला, मला तर एकच ऐकू आला. आमच्या त्या शांत मुलीचा अंगठा खाली होता, समोरच्या मुलाचाही. दिवा समोर लागला. त्याने उत्तर दिलं, बरोबर होतं, १५ गुण.

ती दिव्याकडे बघत होती. मग तिने बटण दुसऱ्या हातात घेतलं, अंगठा फ्रॉकला पुसला, पुन्हा बटणावर टेकवला, आणि माझ्या लेकीकडे वळून म्हणाली, "पुढच्या शब्दाची वाट बघायला नको होती."

या सप्टेंबरला पहिल्या दिवशी चौदा मुलं आली. सराव दोन टेबलांवर चालतो. एका टेबलावर विकतचा संच आहे, दुसऱ्यावर बुटांचा खोका. नवीन मुलांना पहिल्याच दुपारी फूटपट्टी देऊन दोन्ही यंत्रं तपासायला लावायची, असं जुन्यांनी ठरवलं आहे.